दुपारच्या प्रॅक्टिकलला पोरं उपाशी असतात. कॉलेजात काय करता येईल?

बालाघाटचा_मास्तर | सोमवार, रात्री ९:४०

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवतो. आमचे तास सकाळी साडेसातला सुरू होतात आणि बीएस्सीची प्रॅक्टिकल्स दुपारी चारपर्यंत चालतात. निम्मी पोरं आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून पहिल्या एसटीने येतात, म्हणजे ती निघतात तेव्हा घरात चूलही पेटलेली नसते. मागच्या आठवड्यात एक मुलगी ब्युरेट लावता लावता मटकन खाली बसली. काय खाल्लंस विचारलं, तर म्हणे आज उपवास आहे सर. वार होता बुधवार.

मग जरा लक्ष ठेवलं. बुधवारचे उपवास बरेच निघाले.

शाळेत पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. नववीपासून पोरांना भूक लागत नाही असा बहुधा शासनाचा समज असावा. कॉलेजला तर या विषयाचं खातंच नाही. प्राचार्य भले गृहस्थ आहेत, त्यांनी सांगितलं, गरजू विद्यार्थ्यांचे अर्ज मागवा. मागवले. एक अर्ज आला, तोही जिमखान्याकडून बूट मिळावेत म्हणून.

तर प्रश्न असा, की वरच्या मंजुरीची वाट न बघता कॉलेजच्या पातळीवर काय करता येईल? कुणी केलंय का? यादीत नाव यायला एकही पोरगं तयार नाही, ही खरी अडचण आहे.

चिंगी_पेठेतली | ९:५२

बुधवारचा उपवास. वाचून कसंतरी झालं. वाचतेय.

रोखठोक_नाना | १०:०५

भावना पोचल्या मास्तर. पण फुकट काही देऊ नका. याच पोरांच्या हातात पंधरा हजारांचा फोन असतो आणि दिवसाला दीड जीबी संपतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' सांगितलं, 'बसा आणि खा' नव्हे. ग्रंथालयात, बागेत दोन तास काम द्या, त्याचे पैसे द्या. पोरांची मान ताठ राहील.

खाडाबहाद्दर | १०:२१

फोनचा मुद्दा कधी येतोय याची वाटच बघत होतो, नाना. पंचवीस मिनिटं लागली.

शिष्यवृत्तीचा अर्ज फोनवर, ओटीपी फोनवर, हॉल तिकीट फोनवर, सरांच्या नोट्स व्हॉट्सॲपवर. फोन विकून जेवल्यावर अर्ज काय कबुतराच्या पायाला बांधायचा?

कमवा आणि शिकाला माझा विरोध नाही, पुण्यात असताना मी स्वतः केलंय. विभागात फायली लावायचो, झाडांना पाणी घालायचो, तासावर पैसे मिळायचे. पण ते हातात पडायचे महिना-दोन महिने उलटल्यावर आणि मेसचा ॲडव्हान्स लागायचा एक तारखेला. शिवाय मास्तरांचा प्रश्न नीट वाचा. सकाळी साडेसातला आलेलं पोरगं चार वाजता सुटतं आणि पाचची एसटी पकडतं. ते दोन तास काम कुठल्या वेळात करणार?

कोल्हापुरी_तडका | १०:४०

नाना, भाऊरावांचं नाव घेतलंय तर अर्धं घेऊ नका की. त्यांची रयत शिक्षण संस्था निघाली १९१९ ला, काले गावात. साताऱ्याच्या वसतिगृहात पोरं राबायची हे खरंच. पण धान्य संपलं तेव्हा आधी खड्डे खणा मग जेवा, असं कुणी म्हणालं नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रसुद्धा गेलं, कशापायी तर पोरांच्या पोटापायी. वर मुष्टिफंड होता, गावातल्या बायका रोजच्या दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढायच्या. श्रम पोरांचे होते पण ताटाची हमी दुसऱ्यांनी घेतली होती.

आणि आमच्याकडं शाहू महाराजांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेक, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क. फी माफ केली तरी पोरगं शहरात राहणार कुठं आणि खाणार काय, हे त्या माणसाला तेव्हा कळलं होतं.

पेठकरी | १०:५८

पुण्यात याला वार लावून जेवणं म्हणत. सात घरं, सात वार. आमचे आजोबा तसेच शिकले. सोमवारच्या घरी तूप वाढत, गुरुवारच्या घरी आधी विहिरीचं पाणी ओढून घेत. शनिवारचं घर गावाला गेलं की शनिवारी कडकडीत एकादशी. म्हणजे मास्तरांच्या बुधवारच्या उपवासाला परंपरा आहे!

आजोबा पुढे हेडमास्तर झाले, पण कुणाच्याही घरी जेवताना दुसऱ्यांदा भात घेत नसत. आग्रह केला तरी नाही.

निळी_शाई | ११:१०

पेठकरी, आजोबांबद्दल आदर आहे. पण ते वार कुणाच्या मुलांना मिळायचे आणि कुणाला त्या घरांच्या ओट्यावरही उभं करत नसत, तेही लिहा. म्हणून तर वेगळी बोर्डिंगं काढावी लागली.

पेठकरी | ११:१४

मान्य. लिहायला हवं होतं.

चिंगी_पेठेतली | ११:१९

पुण्याबद्दल बोलतोय तर १९०९ चं अनाथ विद्यार्थी गृह (आताचं पुणे विद्यार्थी गृह) आणि १९५५ मध्ये सुरू झालेली विद्यार्थी सहाय्यक समिती ही नावं यायला हवीत. समितीच्या वसतिगृहात माझा मामेभाऊ होता. तिथे मुलं स्वतः कामं वाटून घेतात. पण हे सगळं शहरात. तालुक्याच्या गावी कोण आहे?

महाडीबीटीग्रस्त | मंगळवार, सकाळी ७:३०

मी एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

योजना नाहीत असं कुणी म्हणू नये. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार आहे. पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाह भत्ता ८,०००. आदिवासी मुलांना स्वयम् आहे. ओबीसी मुलांसाठी सावित्रीबाई फुले आधार, इतरांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. कागदावर सगळं आहे.

आता टेबलावर काय होतं ते ऐका. अर्ज पोरगं महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरतं, तो आमच्या लॉगिनला येतो, तिथून प्राचार्य, तिथून समाजकल्याण. मध्ये कुठेही 'सेंड बॅक' झाला तर पोराला मेसेज जातो आणि तोपर्यंत त्याने सिम बदललेलं असतं. उत्पन्नाचा दाखला जुना, जातपडताळणी बाकी, गॅपचं शपथपत्र नाही. सगळं पार पडून पैसे निघतात, तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते. भोजन भत्ता मार्चमध्ये मिळाला तर ऑगस्टचं जेवण कधी जेवायचं?

त्यातही पैसे जातात आधारशी जोडलेल्या खात्यात. पोराने अर्जात एका बँकेचं पासबुक जोडलेलं असतं आणि मधल्या काळात कुठल्याशा योजनेसाठी आईने दुसरीकडे खातं काढून दिलेलं असतं, आधार तिकडे जोडलं गेलेलं असतं. पोरगं सहा महिने पैसे आले नाहीत म्हणून माझ्याशी भांडतं आणि पैसे भलत्याच खात्यात पडून असतात. मी आता भांडायला आलेल्या प्रत्येकाला आधी बँकेत पिटाळतो. दहातल्या दोघा-तिघांचं काम तिथेच होतं.

आणखी एक गोष्ट, जी बाहेर कुणाला माहीत नसते. हल्ली शिष्यवृत्तीत कॉलेजच्या फीची रक्कमही पोराच्या खात्यात येते आणि तिथून त्याने कॉलेजला भरायची असते. पैसे येतात तेव्हा घरी बियाण्याची उधारी असते, बहिणीचं बाळंतपण असतं. पैसे खर्च होतात. मग कॉलेज म्हणतं फी थकली, हॉल तिकीट मिळणार नाही. पोरगं घाबरून वर्गात यायचंच बंद होतं. बुडवायची नियत असते असं मला एवढ्या वर्षांत फार थोड्यांच्या बाबतीत वाटलं.

मास्तर, तुमच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजातच अर्ज भरायचं टेबल लावा. एनएसएसची चार हुशार पोरं बसवा. बाहेर सायबर कॅफेवाला एका अर्जाचे दोनशे घेतो आणि मोबाइल नंबर स्वतःचा टाकतो.

खाडाबहाद्दर | सकाळी ८:०२

"भोजन भत्ता मार्चमध्ये मिळाला तर ऑगस्टचं जेवण कधी जेवायचं" हे फ्रेम करून मंत्रालयाच्या जिन्यात लावा.

उसगावकर_पम्या | सकाळी ८:४५

आमच्याकडची पद्धत सांगतो. अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांत फूड पँट्री असते. मिशिगन स्टेटमध्ये तर विद्यार्थ्यांनी १९९३ मध्येच सुरू केली होती. एक खोली, फडताळात डाळी, तांदूळ, डबाबंद भाज्या, साबण, पॅड. ओळखपत्र दाखवायचं आणि पिशवी भरून न्यायची. का आलास हे कुणी विचारत नाही.

मी एमएसला आलो तेव्हा व्हिसाच्या नियमाप्रमाणे सत्रात आठवड्याला वीस तास, तेही कॅम्पसवरच, काम करता यायचं. सरकारी अन्नमदत परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. पहिल्या सत्रात मी पँट्रीच्या दारापर्यंत जाऊन परत यायचो. इथल्या गोऱ्या पोरी खुशाल पिशव्या भरून नेतात आणि आपण कर्ज काढून आलेले साहेब, आपल्याला लाज! शेवटी एका आंध्रच्या मुलाने हाताला धरून नेलं. म्हणाला, मसूर चांगली असते, राजमा घेऊ नको, शिजायला गॅस फार खातो.

टवाळ_टिकोजी | ८:५१

म्हणजे परदेशी जाऊनही वरणभातच. आई उगाच काळजी करत होती.

वैनगंगाकाठची | सकाळी ११:३०

सगळे भाऊ जेवणावर बोलून राहिले, मुलींचं थोडं सांगते. मी भंडाऱ्याकडची, कॉलेजला रोज जाऊन-येऊन करायची. मी दिवसभर पाणी पीत नव्हती. कारण मुलींच्या बाथरूमला कडी नव्हती आणि नळाला पाणी नव्हतं. पाणी प्यायचं नाही, खायचं नाही, डोकं दुखतच राहणार. मास्तरांच्या त्या मुलीला भूकच होती की आणखी काही, एकदा मॅडमकडून विचारून घ्या.

दुसरं, एसटी. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत होता. कॉलेजात गेलं की पैसे सुरू. विद्यार्थी पासात सवलत मोठी आहे, ६६ टक्क्यांच्या वर, पण तो महिन्याचा एकदम काढावा लागते. घरी ते पैसे एकदम नसले की मुलगी आठवडाभर घरीच. मग अटेंडन्स कमी, मग शिष्यवृत्तीला अडचण, मग बाबा म्हणणार कशाला शिकते. आमच्या एका मॅडमने टेबलाच्या खणात पासापुरते पैसे ठेवले होते. घेऊन जा, जमलं की परत टाक. हिशोब आम्ही मुलीच ठेवत होतो, आणि खण कधी रिकामा झाला नाही.

रोखठोक_नाना | दुपारी १२:१०

हे मला पटतं. उसने देणे वेगळे, फुकट देणे वेगळे. पण मास्तर, यादी नाही, अर्ज नाही, तर हिशोब कसा ठेवणार? उद्या गावातला एखादा टपोरी येऊन रोज खाऊन जाईल.

खाडाबहाद्दर | १२:१८

नाना, गावातला टपोरी टायट्रेशन करायला येणार असेल तर त्याला ॲडमिशनच द्या.

मेसवाली_काकू | दुपारी ३:३५

भांडी आवरून आत्ता बसले. मुलगी टाइप करून देतेय.

आमची मेस जिल्ह्याच्या ठिकाणी. वीसेक वर्षं झाली. उपाशी पोरगं कसं ओळखायचं ते मला विचारा, प्राचार्यांना नाही कळणार.

एक डबा दोघांत खातात. डबा एकाच्या नावावर असतो, पण चपात्या "दोन जास्त टाका काकू" आणि भाजी तेवढीच. सोमवारी सकाळी सगळ्यांत आधी येऊन बसलेला असतो, कारण रविवारी संध्याकाळी मेस बंद. महिन्याच्या शेवटी खाडे सांगायला लागतो, "काकू, गावी चाललोय चार दिवस", आणि संध्याकाळी चौकात दिसतो. गावी कुठला जातोय, खाड्याचे पैसे वाचवतोय. आमटी वाटीने न घेता ताटात घेतो आणि त्यात भात कालवून कालवून वाढवतो. मी बोलत नाही. खाड्याच्या दिवशी दिसला की हाक मारते, "अरे भात उरलाय, वाया जाईल, ये." उरलाय म्हटलं की येतात. "जेवून जा, पैसे राहू दे" म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून मेस बदलतात.

धंदा आहे, धर्मादाय नाही. सिलेंडर, तेल, भाडं कुणाला चुकलंय? वहीत उधारी राहते. बरीच येते, थोडी बुडते. एकाने नोकरी लागल्यावर पेढे आणले आणि उधारी विसरला. पेढे खाल्ले, काय करणार.

तर मास्तर, गरजूंसाठी असा शब्दच काढू नका. सगळ्यांसाठी ठेवा. प्रॅक्टिकलला ज्याने त्याने मूठभर खाऊन आत जायचं, सरांनी पण. पोरीबाळी लाजतात म्हणून मॅडमनी आधी खायचं. पोहे-उपमा नको, रोज करायला माणूस लागतो आणि गार झाले की कुणी खात नाही. हरभरे भिजवा आणि उकडा, मीठ, कांदा, लिंबू. एक किलो कोरडे हरभरे वीस-पंचवीस जणांना होतात. ज्या दिवशी उकडायला जमणार नाही त्या दिवशी फुटाणे, शेंगदाणे, गूळ.

चिंगी_पेठेतली | ३:४८

काकू, साष्टांग. "उरलाय म्हटलं की येतात" वाचून आमच्या मेसच्या मावशी आठवल्या. त्यांच्याकडे रोजच काहीतरी उरायचं.

टवाळ_टिकोजी | ४:०२

आमच्या मेसमध्ये वरणात डाळ शोधणाऱ्याला रविवारी गुलाबजाम मिळायचा. पाच वर्षांत कुणालाही मिळाला नाही.

खाडाबहाद्दर | ४:०५

आयडी कुठून आलाय ते आता लक्षात आलं असेलच. आमच्याकडे सलग तीन खाडे झाले तरच पैसे वजा व्हायचे. त्यामुळे आम्ही आजारीसुद्धा तीन दिवसांचेच पडायचो.

पेठकरी | ४:१२

कॉट बेसिसवर कुणीतरी लिहा रे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा कॉट आणि दारावर पाटी, "फक्त अभ्यासू मुलांसाठी".

गोदावरीचं_पाणी | ४:३०

नांदेडला होतो तेव्हा महिनाअखेरीला आम्ही गुरुद्वाऱ्याच्या लंगरला जायचो. रांगेत शेटजी, शेतकरी, ट्रकवाला, आम्ही, सगळे एकाच पंगतीत. तिथं कधी ओशाळल्यासारखं वाटलं नाही. नाना, हिशोबाचं विचाराल तर जेवून झालं की आम्ही भांडी घासायला बसायचो. कुणी सांगितलं नव्हतं.

निळी_शाई | ५:१५

तालुक्याला शिवभोजन केंद्र असेल तर तेही बघा. २०२० पासून आहे, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. फक्त ते दुपारच्या ठरावीक वेळेत असतं आणि केंद्राला रोजच्या थाळ्यांची मर्यादा असते. प्रॅक्टिकल सोडून स्टँडपर्यंत जाणं पोरांना जमणार नाही. शिवाय केंद्रचालकांची बिलं रखडल्याच्या बातम्याही आपण वाचतो.

मनमोकळी | रात्री ८:२०

मी समुपदेशक आहे, दोन कॉलेजांत आठवड्यातून एकेक दिवस जाते. एका ठिकाणी समुपदेशन कक्ष प्राचार्यांच्या केबिनला लागून आहे, काचेच्या दारासकट. वर्षभर कुणी फिरकलं नाही. मग मी ग्रंथालयातल्या मागच्या टेबलावर बसायला लागले, तेव्हा पोरं आली.

येतात ती "टेन्शन आलंय मॅडम" म्हणून. मी आता पहिला प्रश्न विचारते की काल रात्री काय जेवलास, दुसरा विचारते की झोपतोस कुठे. बऱ्याच वेळा गाडी तिथेच थांबते. खोलीचं भाडं थकलंय, मित्राच्या कॉटवर आलटून पालटून झोपतोय, घरी सांगितलंय की शिष्यवृत्ती आली. अशा मुलाला श्वासाचे व्यायाम शिकवून मी काय दिवे लावणार? त्याला आधी महाडीबीटीग्रस्त यांच्या टेबलावर न्यावं लागतं. मी नेते, सोबत जाऊन उभी राहते.

पण सगळं पोटापाशी थांबत नाही, हेही सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यात सर्वांत जास्त महाराष्ट्रात. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर राष्ट्रीय कृतिदल नेमलं. मास्तर, टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक प्रयोगशाळेच्या दारावर आणि मुलींच्या बाथरूममध्ये आतल्या बाजूने लावा. मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. नोटीस बोर्डावर लावू नका, तिथे उभं राहून नंबर टिपून घेणारं पोरगं मी अजून पाहिलेलं नाही. आणि कुणी जिवाचं बरंवाईट करायचं बोललं तर नंबर देऊन मोकळं होऊ नका, त्याला एकटं सोडू नका, सोबत दवाखान्यात जा.

वैनगंगाकाठची | ८:३५

बाथरूममध्ये आतून लावा म्हणजे आधी कडी लावा!

मनमोकळी | ८:३७

अगदी. कडी आधी.

रोखठोक_नाना | ९:१०

माझं मत तेच आहे, फुकटची सवय वाईट. पण हरभऱ्यावर मी अडून बसणार नाही. प्रयोगशाळेत खायला परवानगी असते का, हा तांत्रिक मुद्दा मात्र कुणीच काढला नाही.

बालाघाटचा_मास्तर | बुधवार, रात्री १०:१५

नाना, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. रसायनाच्या प्रयोगशाळेत एक दाणाही तोंडात घालायचा नाही. म्हणून बाहेरच्या व्हरांड्यात टेबल टाकतोय, हात धुवायचा नळ शेजारीच आहे. हिशोब पोरांचा ठेवणार नाही, हरभऱ्याचा ठेवणार. किती भिजवले, किती उरले, बास.

काल-आज बरंच हललं. स्टाफरूममध्ये विषय काढला तर सहा जणांनी महिन्याला पाचशे द्यायचं कबूल केलं, एकाने फोनचा मुद्दा काढला (नाना, तुमचे भाऊ आमच्याकडेही आहेत). किराणा दुकानदार घाऊक भावात हरभरे द्यायला तयार आहे. खणातले पासाचे पैसे ही कल्पना आमच्या मॅडमनी उचलली, त्यात मी पडणार नाही, मुलीच बघतील. त्या चक्कर आलेल्या मुलीशीही मॅडम बोलल्या. वैनगंगाकाठच्या ताई, तुमचा अंदाज बराचसा बरोबर होता. जास्त लिहीत नाही. कडी आज दुपारी बसली, सुताराला मीच धरून आणला. नळाचं पाणी मात्र नगरपंचायतीच्या हातात आहे, त्याला किती दिवस लागतील सांगता येत नाही.

अर्जाच्या टेबलाचं प्राचार्यांना पटलंय, पण क्लार्क म्हणतो लॉगिन पोरांच्या हाती देणार नाही. ते योग्यच आहे. महाडीबीटीग्रस्त, तुमच्याकडे पोरांना किती अधिकार देता ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अर्ज मागवायची नोटीस काढून टाकली. बुटांचा अर्ज मात्र मंजूर झाला.

महाडीबीटीग्रस्त | १०:२२

लॉगिन अजिबात देऊ नका. पोरांनी फक्त अर्जदाराच्या बाजूचं बघायचं: कागद स्कॅन करणे, नाव दाखल्यावर आणि आधारवर सारखं आहे का ते तपासणे, आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते पाहणे. बाकी व्यनि केलाय.

मेसवाली_काकू | १०:४०

मास्तर, सोमवारसाठी हरभरे रविवारी रात्री भिजवावे लागतात आणि रविवारी कॉलेज बंद. शिपायाच्या घरी भिजवणार की तुमच्या? आणि पातेलं किती लिटरचं घेताय? हरभरे दुपटीच्या वर फुगतात, लहान घेतलंत तर सकाळी ओट्यावर सांडलेले सापडतील.

बालाघाटचा_मास्तर | १०:४४

आमच्याच घरी. पातेल्याचं अजून ठरलं नाही, बायको म्हणतेय लग्नातलं पितळेचं काढू.

मेसवाली_काकू | १०:४६

कल्हई केलेली आहे का विचारा आधी. नसेल तर स्टीलचंच घ्या, लिंबू पडणार आहे त्यात.